ह्यांच्या फोनवरून

कारेगावात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, हे अख्ख्या कारेगावाला माहीत आहे. पण हल्ली तेवढ्यानं भागत नाही. फोनला माहीत असावं लागतं. फोनला माहीत करून देण्याच्या नादात गेल्या लगीनसराईत मी जे काही करून ठेवलं, ते लिहायला घ्यावं असं कितीदा ठरवलं आणि कितीदा कंटाळून सोडून दिलं. आज मशीनचा पट्टा तुटलाय. नवा आणायला शिरूरला जावं लागणार, आणि ऊन उतरेपर्यंत काही मी निघत नाही. हात रिकामे आहेत म्हणून बसले.

माझं माहेर दौंड तालुक्यात, नदीकाठी. शिवण दौंडला शिकले, लग्न होऊन इकडे आले आणि घराच्या रस्त्याकडच्या खोलीत मशीन टाकलं. तेव्हा कंपन्या नुकत्या येऊ लागल्या होत्या आणि गिऱ्हाईक सगळं गावातलं. एखादी बाई माझा ब्लाऊज घालून लग्नाला गेली की पंगतीत शेजारची विचारायची, ‘कुणाकडं टाकला गं?’ एवढीच माझी जाहिरात. जयंतीच्या आधी आमच्या विहारातल्या बायकांचे पांढरे ब्लाऊज, दसऱ्याच्या आधी बागायतदारांच्या सुनांचे खणाचे, आणि लगीनसराईत तर पाणी प्यायला फुरसत नाही. पाटीसुद्धा मी कधी लावली नव्हती. गावातल्या माणसाला पाटी कशाला हवी?

मग खोल्या वाढल्या. वावरांच्या कडेला दहा-दहा खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या आणि त्यांत कुठकुठून माणसं येऊन राहिली. लातूरची, नांदेडची, यवतमाळची, बिहारची. त्यांच्या नव्या सुनांना आणि कामावर जाणाऱ्या मुलींना इथं ना मावशी ना आत्या. त्या विचारणार कुणाला? त्या फोन काढतात, ब्लाऊज शिवणारं जवळ कोण आहे ते मॅपवर टाकतात आणि तो दाखवेल तिकडं चालायला लागतात. कितीतरी मुली माझ्या दारावरून फोनकडं बघत पुढं जाताना मी पाहिल्या आहेत. एकदा एकीला हाक मारून विचारलं, ‘काय शोधतेस गं?’ तर म्हणाली, ‘लेडीज टेलर.’ मी म्हटलं, ‘मग ही काय उभी आहे!’ तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा फोनकडं, आणि ‘नाही, पुढं दाखवतंय’ म्हणून निघून गेली. तोंडात मारल्यासारखं झालं.

माझ्याकडे हातशिलाईला एक बाई होती. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, दौंडकडचीच. लोक म्हणायचे तिला नवऱ्यानं टाकली. ती म्हणायची, ‘मी टाकलाय त्येला.’ एका खोलीत एकटी राहायची आणि नऊ वर्षं माझ्याकडे होती. मी कापायचं आणि मशीन मारायचं. हुकं, गळ्याची शिलाई, साडीचे फॉल हे सगळं तिचं. तिचा टाका उलट्या बाजूनं बघितला तरी शोधावा लागायचा. तोंडानं फटकळ, पण माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिनं दुकान महिनाभर नुसत्या हातशिलाईवर उघडं ठेवलं होतं. ती माझी नोकर होती असं मला कधी वाटलं नाही, आणि मैत्रीण होती असं आम्ही दोघींनी कधी म्हटलं नाही.

तिकडे हायवेला काचेच्या दाराचं एक बुटीक निघालं. मालकीण स्वभावानं बरी आहे, पण तिला सुईत दोरा ओवता येत नाही. ती कपडा घेते आणि शिवायला बाहेर देते. बाहेर म्हणजे बऱ्याचदा माझ्याकडेच. नुसतं मशीन मारायचं काम. हुकं आणि हातशिलाई करायला तिच्याकडे तिच्या मुली आहेत. म्हणजे माझं स्वतःचं गिऱ्हाईक आटलं असतं तरी मी बुटीकचं जॉबवर्क करून तगले असते. पण जॉबवर्कात हातशिलाईला जागा नव्हती. दोन वर्षं गिऱ्हाईक कमी कमीच होत होतं आणि माझ्या जिवाला एकच घोर लागला होता, की माझ्या हातशिलाईवालीला ‘उद्यापासून येऊ नको’ असं सांगायची पाळी माझ्यावर येऊ नये. तिला दुसरीकडं कुठं कामं मिळणार नाहीत असं नाही. पण हातात अशी कला असलेल्या बाईनं कुठल्यातरी कॅन्टीनमध्ये जाऊन भांडी घासायची, हे मला सोसणारं नव्हतं.

पुण्याला नोकरीला असलेली माझी मुलगी एका रविवारी आली, तेव्हा मी तिच्यापुढं रडगाणं लावलं. तिनं फोन काढला आणि दाखवलं. मॅपवर आपलं दुकान होतं. कुणी टाकलं देव जाणे, पण होतं. सातव्या नंबरावर. सर्वांत वर बुटीक. तिसऱ्या नंबरावर एक जेन्ट्स टेलर, ज्यानं दुकान बंद करून वडापावची गाडी लावल्याला दोन वर्षं होऊन गेली होती. मॅपवर मात्र तो रोज सकाळी नऊला उघडत होता. आणि बुटीकच्या खाली लोकांनी फोटो टाकले होते. त्यांतला एक मोरपंखी ब्लाऊज मी ओळखला. ती पायपिंग माझी होती. खाली लिहिलं होतं, ‘असं काम कारेगावात कुणाला जमत नाही.’

‘तुला चार जणांनी रिव्ह्यू दिलेत आई, तेही तीन वर्षांपूर्वी,’ मुलगी म्हणाली. ‘मॅपला वाटतं इथं आता कुणी येत नाही. पहिली तीन दुकानं लोक बघतात. खाली कोण जातंय? रिव्ह्यू वाढायला पाहिजेत, ताजे पाहिजेत. आणि नुसतं “छान” लिहून चालत नाही. ब्लाऊज हा शब्द आला पाहिजे, फिटिंग आला पाहिजे, कारेगाव आलं पाहिजे. म्हणजे कुणी ते शब्द टाकले की तू वर येशील. आणि कुणी काही लिहिलं की तू खाली उत्तर द्यायचं.’

‘कपडे शिवू का उत्तरं देऊ?’ मी म्हटलं. पण मनात ते बसलं.

दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक बाईच्या मागं लागले. ब्लाऊज हातात दिला की म्हणायचं, ‘एवढं मॅपवर लिहा बरं का.’ नाही कुणीच म्हणालं नाही. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धतच नाही. ‘देते की ताई! पर फोन ह्यांचा हाय. संध्याकाळी ह्ये आलं की करते.’ काहींचा फोन स्वतःचा होता, पण तो नवऱ्याचा जुना. नवऱ्यानं नवा घेतला की जुना बायकोला, आणि आत खातं तसंच त्याच्या नावाचं. खातं म्हणजे काय हे ना तिला ठाऊक ना मला. मी शाळेतल्या बाईसारखी पढवून ठेवायची, ‘ब्लाऊज हा शब्द यायला पाहिजे. कुठं नीट बसला तेही लिहा. कारेगाव लिहा.’ बायकांनी इमानानं लिहिलं. तुम्ही लाख बोला, पण आमच्या बायकांना एकदा काम सांगितलं की त्या अर्धवट सोडत नाहीत.

महिन्याभरात रिव्ह्यूंची रीघ लागली. मी रोज सकाळी दिवा लावल्यावर आधी आकडा बघायची. सातावरून पाचावर, पाचावरून तिसऱ्यावर, आणि एका सोमवारी बुटीकच्या खालोखाल दुसऱ्या नंबरावर आमचं दुकान. त्या दिवशी हातशिलाईवालीनं भेळ आणली आणि आम्ही मशीन बंद करून खाल्ली. ‘आता तुम्हाला पाटी लावायला लागतीय ताई,’ ती म्हणाली. मी खूष होते. आकडा बघण्यात इतकी खूष होते, की रिव्ह्यूंवरची नावं मी वाचलीच नाहीत.

नंबर वर गेला आणि फोन सुरू झाले. पण बायकांचे नाही, पुरुषांचे. ‘दुकान कितीला उघडतं?’, ‘माप तुम्हीच घेता का?’ आणि पलीकडून हसण्याचा आवाज. एकानं विचारलेलं मी इथं लिहीत नाही. नव्या मुली मात्र एक आली नाही. आधी दारावरून फोनकडं बघत जायच्या. आता दारात थांबून, फोनकडं बघून, पुढं जाऊ लागल्या. मला काही कळेना.

शेवटी लातूरकडची एक मुलगी धीर करून आत आली. आत बघून म्हणाली, ‘मावशी, तुम्हीच शिवता? बाप्या माणूस नाही ना कुणी इथं?’ मी म्हटलं, ‘का गं?’ तिनं फोन माझ्यापुढं धरला आणि मी पहिल्यांदा वरपासून खालपर्यंत वाचलं. सगळे बाप्ये. गॉगल लावलेले, बुलेटवर बसलेले, मिशीला पीळ दिलेले, एकानं तर बैलगाडा शर्यतीतला फोटो लावलेला. आणि त्यांच्या नावाखाली, ‘कारेगाव मध्ये सर्वात छान ब्लाऊज. मला मुंढ्यात नेहमी ओढायचं, इथं बरोबर बसला.’ दुसऱ्याखाली, ‘पाठीचा गळा हवा तेवढा खोल दिला. फिटिंग एक नंबर.’ हातशिलाईवाली बाई इतकी हसली, इतकी हसली, की सुई खाली पडली. मीही हसले. लातूरची मुलगी हसली नाही. ‘आमच्या खोलीतल्या सगळ्या म्हणाल्या, तिथं पुरुषच असतात, जाऊ नको,’ ती म्हणाली.

माझ्या मुलीला फोन केला. तिलाही आधी हसू आवरेना. मग म्हणाली, ‘आता काढायला लावू नकोस. काढले की पुन्हा खाली जाशील.’ म्हणजे दिसायचं तर असं दिसायचं, नाहीतर दिसायचंच नाही. मी विचार केला, राहू दे. हळूहळू नव्या मुली लिहितील आणि ही बैलगाडा मंडळी खाली जातील. गप्प बसणं मला कधी जमलं नाही. नेमकं तेव्हाच जमलं.

तो आठवडा संपायच्या आत एका दुपारी, पहिली शिफ्ट सुटायच्या वेळेला, दुकानापुढं मोटारसायकल थांबली. पुढं कंपनीच्या शर्टातला गडी, मागं त्याची बायको. बायको माझं पाच-सहा वर्षांचं गिऱ्हाईक; मोजकं बोलणारी, काम हातात घेतल्यावर दोन मिनिटं त्यावर हात फिरवणारी. मुंढ्यात, म्हणजे काखेपाशी, ओढायचं ते तिचंच. नवऱ्यानं हेल्मेट काढलं नाही, नुसती काच वर केली.

‘मावशी, ह्ये तुम्ही लिवायला लावलं का?’

मी म्हटलं, ‘व्हय, मीच सांगितलं. पण तुमच्या नावानं जाईल हे...’

‘आख्खी लाईन मला ब्लाऊज म्हणतीया,’ तो म्हणाला. ‘सुपरवायझरनं परवा मीटिंगीत इचारलं, मुंढ्यात आता वढत न्हाई ना? सगळी हसली. मी पंधरा वरीस तिथं काम करतोय मावशी. मला मान हाय तिथं.’

तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर मी ओरडले असते आणि मोकळी झाले असते. त्यानं फोन बायकोच्या हातात दिला आणि म्हणाला, ‘काढ. हितंच काढ. यांच्यासमूर.’ तिला ते येत नव्हतं. लिहिताना तिला शेजारणीच्या मुलीनं मदत केली होती. ती इकडं दाबते, तिकडं दाबते, बोटं घामानं ओली, आणि रस्त्यावरून जाणारी माणसं बघताहेत. मी पुढं झाले, तर त्यानं हात आडवा केला. मला लाज वाटली, आणि राग आला, आणि दोन्हींचं काय करावं ते सुचेना. शेवटी त्यानं फोन हिसकावून खिशात टाकला आणि ती दोघं गेली.

त्यानं तो रिव्ह्यू काढला नाही. बदलला. संध्याकाळी बघितलं तर पाचाचा एक स्टार झालेला आणि खाली लिहिलेलं, ‘बायकोचा ब्लाऊज बिघडवला. भिकार काम. कुणी जाऊ नका.’ मी ते वाचत बसले आणि मला त्याची गंमतही कळली. आता तो ब्लाऊज घालणारा नव्हता. आता तो बायकोचं नुकसान झालं म्हणून संतापलेला नवरा होता, आणि तसा नवरा लाईनवर शोभतो. त्याच्या मित्रांनी त्या रिव्ह्यूला अंगठे दिले असावेत, कारण मॅपनं तो सगळ्यांच्या वर नेऊन ठेवला. बाकीच्या नवऱ्यांच्या कानावर गोष्ट गेलीच. कुणी आपलं लिहिलेलं काढून टाकलं, कुणी बायकोकडून फोन काढून घेतला. आम्ही जसे चढलो होतो तसे उतरलो, फक्त जास्त लवकर.

‘खाली उत्तर दे,’ मुलगी फोनवर म्हणाली. ‘खरं ते लिही. हा रिव्ह्यू आधी पाच स्टारचा होता, त्यांच्या बायकोनंच दिला होता, चिडून बदललाय. लोकांना कळतं आई. मालकानं शांतपणे उत्तर दिलं की लोक त्याचं वाचतात.’

मी आणि हातशिलाईवाली तसं लिहायला बसलो. मी सांगत होते, ती टाईप करत होती. तिची बोटं माझ्याहून चपळ. निम्मं लिहून झालं आणि दारात सावली पडली. तीच बाई. दळणाचा डबा काखेत, पदर दोन्ही खांद्यांवरून गच्च ओढलेला. उंबऱ्याच्या आत आली नाही.

‘ताई, तुम्ही काय लिवणार हाय का त्येच्यावर?’

मी म्हटलं, ‘खरं तेवढंच लिहितोय. तुमच्यावर काही येणार नाही.’

‘लिवू नका,’ ती म्हणाली. ‘त्येंनी लिवलंय तसंच ऱ्हाऊ द्या. चार दिस झालं, घरात आता कुठं जेवण गोड लागतंय. पुन्यांदा हसलं कुणी तर...’ डबा दुसऱ्या काखेत घेताना पदर सरकला, आणि आत तोच ब्लाऊज. वांगी रंगाचा, बिघडवलेला. मुंढा असा बसला होता, की दुसऱ्या कुणी शिवला असता तर मी तिला शिवणारीचं नाव विचारलं असतं. आम्ही दोघींनी बघितलं, आणि आम्ही बघितलं हे तिनं बघितलं. ‘येते,’ म्हणून ती चक्कीकडे गेली.

मी विचार करत होते तो त्या बाईचा नव्हता, खरं सांगते. मी विचार करत होते समोर बसलेल्या बाईचा. लगीनसराई तोंडावर. खरं लिहिलं तर कदाचित आम्ही सावरू. गप्प बसलो तर तो एक स्टार सगळ्यात वर, आणि आमची सराई बुडाली. म्हणजे हिचं काम गेलं. एकीच्या घरातलं जेवण की दुसरीचं काम, असं ते होतं, आणि निवडायचं होतं मला.

तिनं माझ्यावर सोडलं नाही. फोनवरचं अर्धं लिहिलेलं तिनं एकेक अक्षर करून पुसलं आणि म्हणाली, ‘सांगा ताई. चूक आमची म्हणून लिहू?’

‘अगं, तुला कळतंय का काय होईल?’

‘कळतंय. पर मी एकली ऱ्हाते. माझ्या घरात मला कोण हसणार न्हाई.’ मग म्हणाली, ‘तसल्या घरातलं मला म्हाईत हाय. लिहू का?’

आम्ही लिहिलं, ‘आपल्या घरच्यांच्या ब्लाऊजमध्ये आमच्याकडून चूक झाली. मनापासून माफी मागतो. कधीही आणून द्या, नीट करून देऊ.’ इतक्या वर्षांत खरी बिघडलेली कामं माझ्या हातून झाली नाहीत असं नाही. बाही उलटी जोडलीय, अस्तर आखडलंय. त्यांच्याबद्दल मी कधी अशी माफी मागितली नव्हती. सरळ उसवायचं आणि नव्यानं शिवायचं. इथं उसवायला काही नव्हतं.

सराई गेली. गावातल्या जुन्या बायका आल्या, पण त्यांच्या सुना हल्ली तयार ब्लाऊज घेतात. बुटीकवालीचं जॉबवर्क मात्र वाढलं, कारण आता मॅपवर तिच्या आसपास कुणी नव्हतं. तिच्याच कापडाचे गठ्ठे मी शिवत होते आणि हातशिलाईवाली समोर बसून सुट्ट्या हुकांच्या पुड्या लावून ठेवायची. काम नसलं की हात हलता ठेवायची तिला सवय. मी रोज सकाळी ठरवायची आज सांगायचं, आणि ती आली की चहा ठेवायची. असे पंधरा दिवस गेले. मग एक दिवस बोलून टाकलं. बोलताना मान वर केली नाही, मशीनवरच बघत होते.

‘कॅन्टीनला लागलंय माझं,’ ती म्हणाली. ‘ते व्हऊन तीन आठवडं झालं. त्येंला म्हटलं होतं, सांगते.’

मी वर बघितलं. ‘मग गेली का नाहीस?’

‘मी आपणहून गेले असते, तर तुम्हाला वाटलं असतं वाईट दिसात सोडून गेली. म्हटलं तुम्हालाच म्हणू दे. मग कुणाचं कुणाला लागायचं न्हाई.’ आणि फटकळपणानं पुढं म्हणाली, ‘पर तुम्हीबी किती दिस लावलं ताई! रोज चहा पिऊन पिऊन मला पित्त झालं.’

मी त्या वेळी रडले. ती नाही रडली. गळ्याच्या शिलाईची माझी सुई वेगळी, तिची वेगळी. तिची पाकिटात घालून घेऊन गेली. कॅन्टीनमध्ये तिला सुई कशाला लागणार होती, मी विचारलं नाही.

ती गेल्यावर आठ-दहा दिवसांनी एक मुलगी आली. नांदेडकडची, कंपनीत तपासणीच्या कामाला. पिशवीतून दोन कपडे काढले आणि म्हणाली, मॅपवर बघून आले.

‘मॅपवर? मग वरचं वाचलं नाहीस का?’ माझ्या तोंडून गेलंच.

‘वाचलं की मावशी. म्हणून तर आले. बाकी सगळ्या दुकानांना नुसते पाच-पाच स्टार. मी दिवसभर माल तपासते, शंभरातला एखादा बाद निघतोच. ह्यांचं काहीच कसं बिघडत नाही? तुम्ही एकट्यांनी लिहिलंय, चूक झाली, नीट करून देऊ. म्हटलं ही बाई लपवणार नाही.’ आणि तिच्या खोलीतल्या आणखी दोघी उद्या येणार होत्या.

मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. इतकी वर्षं नीट शिवलं ते कुणाला दिसलं नाही, आणि न केलेली चूक कबूल केली तर विश्वास बसला. पण त्या मुलीवर कसला राग काढायचा? ती बिचारी हात वर करून मापाला उभी होती. दोन-तीन मुलींच्या भरवशावर कॅन्टीनची लागलेली नोकरी सोडून ये, असं हातशिलाईवालीला म्हणायचं तोंडही मला उरलं नव्हतं. मी टेप घेतला.

‘त्या बाईंचा ब्लाऊज मग नीट करून दिला का?’ मुलीनं विचारलं.

‘दिला,’ मी म्हटलं, आणि तिच्या दंडाचं माप लिहून घेतलं. त्या ब्लाऊजात काही बिघडलंच नव्हतं. याला साक्ष म्हणून जिला हाक मारावी, ती त्या वेळी कॅन्टीनमध्ये चपात्या लाटत होती, आणि तिला तिकडं मी पाठवलं होतं.